साकु मास्तर

आमच्या चर्चचा खजिनदार लोकांना पैसे नको म्हणायचा. खोटं वाटेल, पण वीसेक वर्षं आम्ही हे सोसलं. कुणी पाकीट उघडून फडाफडा नोटा मोजायला लागलं की हा किडकिडीत म्हातारा खडूनं पांढरी झालेली बोटं आडवी धरायचा आणि म्हणायचा, "साकु." साकु म्हणजे कानडीत पुरे. हुबळीत वाढलेल्या मराठी माणसाच्या तोंडात ‘पुरे’च्या आधी हाच शब्द येतो, जेवताना, भांडताना, रिक्षावाल्याशी घासाघीस करताना. पण दान घेताना तो वापरणारा माणूस मी एकच पाहिला. त्यांचं खरं नाव त्यामुळे मागेच पडलं आणि लहानथोर सगळे त्यांना साकु मास्तर म्हणू लागले.

हे आज का लिहितेय तेही सांगून टाकते. गेल्या रविवारी उपासनेनंतर आमच्या चर्चच्या भिंतीवरच्या स्क्रीनवर देणगीदारांची यादी लागली. ज्यानं जास्त दिलं तो वर, कमी दिलं तो खाली. वरच्या तीन नावांपुढे सोनेरी चांदण्या लुकलुकत होत्या. आणि यादीच्या डोक्यावर साकु मास्तरांचा फोटो, खाली अक्षरं: ‘मास्तर स्मृती मनोरा निधी’. फोटोत मास्तर बत्तीशी दाखवून हसत होते. अहो, मास्तर आयुष्यात कधी फोटोसाठी हसले नाहीत! ते हसू कुणीतरी कॉम्प्युटरवर चिकटवलेलं होतं.  पदर तोंडाला लावून मी बसून राहिले.

आमची मराठी मंडळी तशी मूठभर. मिरजेकडून रेल्वेच्या नोकरीला आलेल्या आज्या-पणज्यांची आम्ही पिलावळ. घरात मराठी, बाजारात कानडी आणि प्रार्थनेत जे आधी सुचेल ते. मास्तर याच पिलावळीतले. शाळेत गणित शिकवायचे. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. निवृत्त झाल्यावर तेव्हाच्या पाळकसाहेबांनी खजिनदारकी गळ्यात घातली तेव्हा मास्तर म्हणाले होते म्हणे, "करतो, पण मला फळा लागेल."

फळा कशाला, तर अंदाजपत्रकाला. मास्तरांचं अंदाजपत्रक बंद खोलीत होत नसे. नोव्हेंबर संपत आला की एका रविवारी ते सगळ्यांना संडे स्कूलच्या खोलीत बोलवायचे, खडू हातात घ्यायचे आणि विचारायचे, "पंगत बसलीय. आधी कुणाला वाढायचं?" आम्ही म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत एका सुरात ओरडायचो, "पाहुण्यांना!" मग पहिली ओळ पाहुण्यांची, म्हणजे चर्चबाहेरचे आजारी, निराधार, ज्यांचं आमच्याशी काही नातं नाही असे. दुसरी ओळ पाळकसाहेबांच्या पगाराची, कारण "वाढप्याला उपाशी ठेवलं तर पंगतीला अन्न लागत नाही." मग विजेचं बिल, गळकं छप्पर. आणि अगदी तळाला, फळा संपता संपता, बारीक अक्षरात ‘आपली हौस’. हौसेच्या ओळीपर्यंत पोचेस्तोवर बहुतेक वर्षी आकडे संपलेले असायचे.

एका वर्षी तरुण मंडळींनी हट्ट धरला, नवा कीबोर्ड पाहिजे. मास्तरांनी विचारलं, "हार्मोनियमला काय झालं?" कुणीतरी म्हणालं, "हार्मोनियम ठीक आहे, वाजवणाऱ्या अप्पांना दमा झालाय. भाता ओढवत नाही त्यांना." मास्तरांनी फळ्यावर ‘कीबोर्ड’ लिहिलेलं पुसलं आणि तिथे लिहिलं, ‘अप्पांचं औषध’. पोरं चिडली. अप्पा लाजले. पण पुढची दोन वर्षं अप्पांनीच हार्मोनियम वाजवली, खोकत खोकत, आणि गाणी जरा बरीही झाली.

अंदाजपत्रक ठरलं की डिसेंबरभर मास्तरांची घरोघरी फेरी. बरोबर निळ्या कागदाच्या चिठ्ठ्या. येत्या वर्षात आपण चर्चला किती देणार ते आपण सांगायचं, मास्तरांनी लिहायचं. पण लिहिण्याआधी ते घरभर नजर फिरवायचे. खिडकीतल्या औषधांच्या बाटल्या, दारातल्या पोरांच्या चपला, सगळं बघायचे. "चपलेवरून माणसाची कमाई कळत नाही, खर्च कळतो," म्हणायचे. माझ्या विमा कचेरीत पगारवाढ झाली त्या वर्षी मी ऐटीत एक आकडा सांगितला. त्यांनी त्याच्या निम्मा लिहिला. "सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन राहिलंय ना, सुलभाबाई? साकु." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. देवाला मी काय द्यायचं हे ठरवणारा हा कोण टिकोजीराव? सूड म्हणून मी त्यांच्या चहात साखरच घातली नाही. त्यांनी तो चवीनं प्यायला आणि कौतुक केलं. त्यांना साखर वर्ज्य होती हे मला कितीतरी दिवसांनी कळलं.

म्हणून माणूस मऊ होता असं मात्र कुणी समजू नये. आमच्यात एक बिल्डर अण्णा आहेत. केशवापुरात तीन मजली घर, गळ्यात बोटभर जाडीची साखळी. एका कापणीच्या सणाला अण्णांनी सगळ्यांसमोर चेक काढून मास्तरांच्या हातात ठेवला आणि टाळ्यांची वाट बघत उभे राहिले. मास्तरांनी चेक चष्म्याजवळ नेला आणि म्हणाले, "साकागिल्ला." पुरेसं नाही! आम्ही सगळे गार. मग तितक्याच शांतपणे मास्तर म्हणाले, "अण्णा, तुमच्या गवंड्यांची दोन आठवड्यांची मजुरी थकलीय. ती आधी द्या. मग उरेल ते आणा, शंभर असले तरी चालतील." अण्णांचा चेहरा कापूर जळल्यावर तबक काळं पडतं तसा झाला. चेक त्यांनी खिशात घातला. मजुरी दिली की नाही देव जाणे, पण राग जपून ठेवला.

आम्हाला ते कारभारीपण शिकवायचे, ते असं. "आपण मालक नाही हो. कारभारी. आणि कारभाऱ्यानं मालकाच्या लेकरांना उपाशी ठेवून मालकाच्या दारावर तोरण बांधू नये," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की कंटाळा आला होता. आता तोंडपाठ आहे म्हणून बरं.

आणि ती पिशवी. इतर चर्चमध्ये दान घ्यायला ताट फिरवतात, पेटी फिरवतात. आमच्याकडे मास्तरांची पिशवी फिरायची. त्यांच्या बायकोच्या इरकली लुगड्याची, हिरवी, लाल काठ तोंडाशी आलेला. तोंड अरुंद आणि खोली कोपरापर्यंत. रीत अशी होती: प्रत्येकानं मूठ मिटून आत घालायची, मूठ मिटूनच बाहेर काढायची. पोरांनीसुद्धा. काही नसलं तरी रिकामी मूठ घालायची. आणि पिशवी शेजाऱ्याकडे आली की आपण डोळे मिटायचे. बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांना वाटायचं, काय ही हुबळीची मंडळी भाविक, दान देतानाही डोळे मिटून प्रार्थना करतात! आम्हीही कधी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

डोळे का मिटायचे ते मला उशिरा कळलं. आमचे हे धारवाडजवळ बेलूरच्या एका कारखान्यात होते. तो एका सोमवारी बंद झाला आणि गेटवर कुलूप. माझ्या पगारात सासूबाईंची औषधं, दोन पोरांच्या फिया आणि घराचं भाडं. त्या डिसेंबरात मास्तर आले, त्यांनी निळ्या चिठ्ठीवर माझ्या नावापुढे शून्य काढलं. मग निघताना चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "पिशवीला तोंड एकच असतं, बाई. जायचं तिथूनच आणि यायचं तिथूनच. अडलं तर मूठ भरून बाहेर काढा. हे मी ज्या घरी सांगायचं तिथेच सांगतो. जास्त आलं हाताला, तर पुढच्या रविवारी परत टाकायचं."

मी घेतलं. पाच महिने घेतलं. लाजेनं पुढचा बाक सोडून मी शेवटच्या बाकावर जाऊन बसायची. शेजारी शांताक्का असायची. नवरा वारलेला, एकच मुलगी, दुर्गदबैल बाजारातल्या एका खानावळीला ज्वारीच्या भाकऱ्या करून द्यायची. तिच्या हातांना कायम पीठ. पिशवी माझ्याकडे आली की ती डोळे मिटायची आणि मी मूठ आत घालायची. बाहेर येणाऱ्या त्या मुठीनं आमचं घर तगलं, हे आज मी छाती पुढे काढून सांगते. तेव्हा नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

पुढे ह्यांना दुसरी नोकरी लागली, दिवस पालटले. मी पुढच्या बाकावर परत आले. पंचकमिटीत आले, सेक्रेटरी झाले. रविवारी पिशवी फिरून आली की मास्तर आणि मी मिळून ती मोजायचो. माणूस किती लवकर विसरतो याची मला आता शिसारी येते. वर्षा-दोन वर्षांत मला वाटू लागलं की मी जन्मापासून देणाऱ्यांतलीच आहे.

तोवर कमिटीचे अध्यक्ष झाले होते बिल्डर अण्णा. त्यांना फळा नको होता. त्यांचं अंदाजपत्रक रंगीत कागदावर छापून आलं आणि पहिल्याच ओळीत होता चर्चचा नवा मनोरा. पाहुणे तळाला गेले, ‘इतर’ नावाखाली. दान कसं वाढवायचं यावर अण्णांनी व्याख्यान दिलं. यादी लावा, म्हणाले, माणूस शेजाऱ्याचा आकडा बघून खिशात हात घालतो. आमचे पाळकसाहेब तरुण आणि भिडस्त. "बघू या, बघू या," म्हणत राहिले. मी टिपणं घेत राहिले. एकटे मास्तर म्हणाले, "शेजाऱ्याचा आकडा बघून दिलेलं शेजाऱ्याला पोचतं, अण्णा. देवापर्यंत जात नाही." अण्णा हसले आणि धारवाडी पेढ्यांचा बॉक्स पुढे सरकवला.

त्याच सुमाराला पिशवीचा हिशेब निळ्या चिठ्ठ्यांशी जुळेना आणि माझ्या लक्षात आलं की पिशवीतून कुणीतरी घेतंय. दर आठवड्याला, थोडं थोडं. आता हे सांगताना जीभ जड होते, पण सांगायलाच हवं: मला राग आला. मी घेतलं ती अडचण, दुसरी घेते ती चोरी! आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. एका रविवारी मी मुद्दाम पाचशेची कोरी नोट पिशवीत टाकली. उपासनेनंतर मोजताना ती नव्हती. मी मास्तरांना विजयी सुरात सांगितलं. त्यांनी नोटांवरचे हात काढून घेतले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "साकु, सुलभाबाई." तो साकु मी आधी कधी ऐकलेला नव्हता. पण मी ऐकते कसली! दुपारी अण्णांना फोन लावला.

पुढच्या रविवारी माळ्यावर अण्णांनी कॅमेरा लावला. उपासना मोबाइलवर दाखवायची, असं सांगून. आम्ही सगळ्यांनी रीतीप्रमाणे डोळे मिटले आणि वरून तो बघत राहिला. त्या चित्रात दिसलं ते इतकंच: शेवटच्या बाकावर शांताक्काचा हात पिशवीत कितीतरी वेळ कोपरापर्यंत गेलेला आणि पिशवीच्या तोंडाशी बोटांत नोटा, आत जाणाऱ्या की बाहेर येणाऱ्या ते कळत नव्हतं.

पण त्याच दुपारी, ते चित्र बघण्याआधी, मी आणि मास्तरांनी पिशवी मोजली होती. तळाशी दहा-वीसच्या नोटांची एक पुरचुंडी निघाली, दोऱ्यानं बांधलेली. बरोबर चारशे. नोटांना ज्वारीचं पीठ लागलेलं. मास्तर ते पीठ बोटावर घेऊन बघत राहिले. मी मोजून वहीत लिहिलं आणि हात धुतले. पाचशेची नोट हाताला आली, तिला शंभर पुरत होते, चारशे तिनं परत टाकले होते. न कळायला मी काही दूधपिती नव्हते.

सोमवारी कमिटी बसली. अण्णांनी ते चित्र तीनदा दाखवलं. मास्तर उठले. "ती घेत नव्हती, परत ठेवत होती. आणि घेतलं असलं तर माझ्या सांगण्यावरून. मुलगी नर्सिंगला आहे तिची. पिशवी त्यासाठीच आहे." अण्णा माझ्याकडे वळले. "बाई, मोजलं तुम्ही. परत ठेवले होते का? तुम्ही सांगाल ते खरं." सगळे माझ्याकडे बघत होते. हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता, तुम्हाला ही रीत कशी माहीत? मी टेबलाकडे बघत म्हणाले, "मला नक्की सांगता येणार नाही."

 जाताना मास्तर माळ्याकडे बोट करून म्हणाले, "त्याला पापण्या नसतात. पण आपल्याला दिल्यात ना देवानं." त्यांनी राजीनामा लिहून ठेवला होता, तो कमिटीनं एका मिनिटात मंजूर केला. पिशवीच्या जागी काचेसारखी पारदर्शक पेटी आली, पेटीला कुलूप आणि वर पैसे पाठवायचा तो चौकोनी ठिपक्यांचा कागद. आणि ते चित्र? ते ‘चुकून’ मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलं. चुकून! दहा मिनिटांत काढलं म्हणे. दहा मिनिटांत पोरांनीसुद्धा पाहिलं होतं. शांताक्का त्यानंतर चर्चला आली नाही. शेवटचा बाक रिकामा राहू लागला. कुणी विचारलं की लोक विषय बदलत. मूग गिळून बसण्यात आमची मंडळी पहिल्या नंबराची, आणि मी त्यांची सेक्रेटरी.

मास्तर मात्र येत राहिले. पारदर्शक पेटीसमोर येऊन ते मिटलेली मूठ पेटीवर ठेवायचे, पुन्हा मिटलेलीच उचलायचे आणि जागेवर जायचे. पोरं हसायची. दर शनिवारी ते दुर्गदबैलात शांताक्काकडे भाकऱ्या विकत घ्यायला जातात असं कानावर आलं. एकटा जीव, दात नाहीत, आणि ढीगभर कडक भाकऱ्या! त्या भाकऱ्या ते वाटेत कुणाकुणाला देत घरी यायचे. हा त्यांचा शेवटचा कारभार.

मग ते आजारी पडले. मी भेटायला गेले, जायला हवं म्हणून. खाटेजवळच्या भिंतीवर त्यांनी छोटा फळा टांगून घेतला होता. त्यावर घरचंच अंदाजपत्रक. पहिल्या ओळीत ‘पाहुणे’ आणि पुढे त्यांच्या तुटपुंज्या पेन्शनमधला मोठा तुकडा. तळाला ‘आपली हौस’, पुढे ‘पेरू, एक’. मला हसू आणि रडू एकदम आलं. मी बोलायला तोंड उघडलं, मास्तर, त्या दिवशी मी... त्यांनी हात आडवा केला. "साकु. मला सांगून काय उपयोग? माझं कुठे काय बिघडलं?" मग उशीखालून ती पिशवी काढली, घडी केलेली. "चर्चमध्ये फिरवायची सोय राहिली नाही. एका घरी तेवढी फिरवून आणा." कोणतं घर ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

पंधरा दिवसांत ते गेले. पिशवी माझ्या कपाटात राहिली. एक महिना, चार महिने, आठ महिने. दुर्गदबैलात मी कापड घ्यायला गेले, धान्य घ्यायला गेले, एकदा तर साधी खुंटी घ्यायला गेले, आणि दर वेळी त्या गल्लीच्या तोंडाशी हातगाड्यांची गर्दी फार आहे असं स्वतःला सांगून परत फिरले. स्वतःची आली तितकी किळस मला अण्णांचीही कधी आली नाही. अण्णा निदान आहेत तसे दिसतात.

तर गेल्या रविवारी ती यादी लागली, ते चिकटवलेलं हसू दिसलं, आणि अण्णा नवं अंदाजपत्रक वाचू लागले. पहिली ओळ, मनोरा, उर्वरित काम. "मास्तरांना आवडलं असतं," अण्णा म्हणाले. तळपायाची आग मस्तकात गेली. मी उभी राहिले.  म्हटलं, "मास्तरांची पिशवी घेण्यासाठीही होती. मी पाच महिने घेतलंय तिच्यातून. शांताक्कानं त्या दिवशी चारशे रुपये परत टाकले होते, ते मी माझ्या हातानं मोजले. आणि कमिटीत खोटं बोलले."

मला वाटलं होतं, काहीतरी होईल. कुणी रडेल, कुणी ओरडेल, निदान खुर्ची सरकेल. काही झालं नाही.  पाळकसाहेबांनी चष्मा पुसला. अण्णांनी घसा खाकरला आणि अगदी समजूतदारपणे म्हणाले, "बाई, एवढं मनाला लावून घेऊ नका. पाच महिन्यांची जी काय रक्कम होते ती भरून टाका. पावती देतो. यादीत नावही वर जाईल." शी! मी चप्पल घातली आणि सरळ बाहेर पडले. घरी जाऊन पिशवी घेतली आणि दुर्गदबैलाची रिक्षा केली.

शांताक्काच्या घराचं दार उघडंच होतं. खानावळीची दुपारची ऑर्डर, तवा तापलेला, परातीत पीठ. तिनं मला बघितलं आणि भाकरी थापायची थांबली नाही. "बसा, अक्का. पाट घ्या." मी पाट घेतला नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. पाचशेची नोट मी टाकली होती, फोन मी केला होता, पुरचुंडी मी मोजली होती, नाही मी म्हटलं होतं. आणि मीही घेत होते, तुझ्याच शेजारी बसून, तुला ते माहीत नव्हतं.

तिनं भाकरी तव्यावर टाकली. वरून पाण्याचा हात फिरवला. "माहीत होतं," म्हणाली.

मला कळेना. "कसं माहीत होतं? तू तर डोळे मिटायचीस!"

"डोळे मिटलेलेच होते. पण घेणारी बाई श्वास धरते, अक्का. टाकणारी धरत नाही. तुम्ही पाच महिने धरत होता." तिनं भाकरी उलटली. "मास्तरांनाही कधी बोलले नाही मी. बोलायचं असतं का ते?"

माझा बांधच फुटला. भर दुपारी, परक्या चुलीपुढे, मी पोरीसारखी रडले. माफ कर म्हटलं, पुन्हा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हणायला लागले तेव्हा तिनं पिठाचा हात आडवा धरला.

"साकु, अक्का. साकु."

तोच हात, तोच सूर.  तिनं माझ्या काखेकडे बघितलं. हिरवं इरकली कापड बाहेर डोकावत होतं. "मास्तर म्हणाले होते, कुणीतरी घेऊन येईल," ती म्हणाली. "लई दिवस लावले तुम्ही."

तिनं तवा खाली उतरवला. हात धुतले, पदराला पुसले, आतल्या फळीकडे जाऊन आली. मुठीत काही आणलं की रिकामीच होती, मी बघितलं नाही. पिशवीत मी घरातलं जे होतं ते टाकून आणलं होतं, ते तिला सांगितलं नाही. पिशवीचं तोंड मी तिच्यापुढे धरलं. बांगड्या वाजल्या, हात आत गेला.

मी डोळे मिटले. आणि पिशवी दातांत धरून दोन्ही हातांनी कानही झाकून घेतले.